दह्यातले जंतू आणि एली मेचनिकॉफ: प्रोबायोटिक घेण्याआधी ही गोष्ट वाचा

पोट फुगते, गॅस होतो, दूध प्यायले की जुलाब होतात, नाहीतर चार-चार दिवस पोट साफ होत नाही. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकांच्या पिशवीत आजकाल प्रोबायोटिकची एखादी स्ट्रिप असतेच. कोणाला ती मेडिकलवाल्याने दिलेली असते, कोणाला शेजाऱ्यांनी सुचवलेली, तर कोणी ती मोबाइलवरून मागवलेली असते. अंबरनाथ पश्चिमेला माझ्या दवाखान्यात येणारे रुग्ण मग हमखास विचारतात, की हे चांगले जंतू रोज घेतले तर चालतील का, आणि किती दिवस घ्यायचे.

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण ही कल्पना ज्या शास्त्रज्ञाने जगभर पोहोचवली, त्याचे आयुष्य समजून घेतले तर तुमच्या हातातल्या कॅप्सूलबद्दल नेमके काय विचारायचे, हे तुम्हाला कळेल. त्या शास्त्रज्ञाचे नाव एली मेचनिकॉफ. नाव परके वाटेल, पण त्याच्या एका विद्यार्थ्याला तुम्ही नक्की ओळखता. परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयात कधी गेला असाल, तर त्याच परिसरातली हाफकिन संस्था तुम्ही पाहिली असेल. ज्यांच्या नावाने ती संस्था आहे, ते वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथील विद्यापीठात मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते.

हुशार, पण खचून जाणारा माणूस

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये, आजच्या युक्रेनमधील खारकिव्हजवळच्या एका खेड्यात झाला. त्या वेळी तो रशियन साम्राज्याचा भाग होता. लहानपणापासून त्यांना किडे, वनस्पती, डबक्यातले जीव यांचे वेड होते. खारकिव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पूर्ण केला आणि बावीसाव्या वर्षी ते ओडेसा येथे शिकवू लागले. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते, हे लक्षात ठेवा.

घरचे आयुष्य मात्र सोपे नव्हते. १८६९ मध्ये त्यांचे लग्न ल्युडमिलाशी झाले, तेव्हा तिला क्षयरोग होता. तिला इतका अशक्तपणा होता, की लग्नासाठी खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. चांगल्या हवेसाठी ते तिला ठिकठिकाणी घेऊन फिरले, पण १८७३ मध्ये मदेरा बेटावर ती गेली. त्या धक्क्यात मेचनिकॉफ यांनी मॉर्फिन घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. ते वाचले.

पुढे १८७५ मध्ये त्यांनी ओल्गाशी लग्न केले. काही वर्षांनी तिला टायफॉइड झाला आणि ती मरता मरता वाचली. त्याच सुमारास ते पुन्हा खोल निराशेत गेले आणि त्यांनी एका जीवघेण्या तापाचे जंतू स्वतःला टोचून घेतले. याही वेळी ते बचावले.

हे मुद्दाम सांगतो आहे. पोटाची तक्रार आणि मनाची अवस्था यांचा जवळचा संबंध असतो, आणि पोटाच्या जुन्या तक्रारी असलेले अनेक जण आतून खचलेले असतात. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर त्याच्या पोटाइतकीच मनाचीही चौकशी करा आणि मनाचे दुखणे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. मेचनिकॉफ यांचे सगळे मोठे काम या दोन प्रसंगांनंतरचे आहे.

काटा टोचलेला जीव

१८८२ मध्ये विद्यापीठातल्या राजकीय गोंधळाला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली आणि ते कुटुंबासह इटलीतील मेसिना येथे राहायला गेले. एके दिवशी घरातली मंडळी सर्कस पाहायला गेली होती. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पारदर्शक अळी पाहत बसले होते. तिच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी पाहताना त्यांच्या मनात आले, की बाहेरचे काही आत घुसले तर याच पेशी त्याच्याशी लढत असतील. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे आणून अळीच्या कातडीखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर त्या पेशींनी काट्याला वेढा घातला होता.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे ज्ञान इथून सुरू झाले. याच कामासाठी १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. लक्षात घ्या, नोबेल भक्षक पेशींसाठी मिळाले, दह्यासाठी नाही. प्रोबायोटिकच्या जाहिरातींत त्यांचे नाव आणि नोबेल एकत्र येते, तेव्हा हा फरक सहसा सांगितला जात नाही.

१८८८ मध्ये ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या संस्थेत प्रयोगशाळा दिली आणि आयुष्याची शेवटची २८ वर्षे ते तिथेच काम करत राहिले. हाफकिनही त्यांच्या मागोमाग पॅरिसला आले आणि सुरुवातीला त्याच संस्थेच्या ग्रंथालयात काम करू लागले.

कॉलऱ्याचा पेला

१८९२ मध्ये फ्रान्समध्ये कॉलऱ्याची साथ होती. तेच पाणी पिऊनही काहींना कॉलरा होतो आणि काहींना होत नाही, असे का, हे मेचनिकॉफ यांना शोधायचे होते. ते स्वतः कॉलऱ्याचे जंतू प्यायले. त्यांना काहीही झाले नाही. प्रयोगशाळेतला दुसरा एक जण प्यायला, त्यालाही काही झाले नाही. तिसरा प्यायला आणि मरणाच्या दारातून परत आला. असा प्रयोग आज कोणालाही करू दिला जाणार नाही, आणि ते योग्यच आहे.

पण यातून त्यांना एक महत्त्वाची गोष्ट सुचली. प्रयोगशाळेतल्या बश्यांमध्ये त्यांनी पाहिले, की काही जंतू कॉलऱ्याच्या जंतूंची वाढ रोखतात, तर काही तिला मदत करतात. म्हणजे आपल्या आतड्यात आधीपासून कोणते जंतू राहतात, यावर आजार होणार की नाही हे काही अंशी ठरत असावे. हा विचार त्या काळाच्या फार पुढचा होता. आतड्यात अब्जावधी जंतू राहतात, ते अन्न पचवायला मदत करतात आणि आजाराच्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत, हे आज आपण जाणतो.

त्याच संस्थेत आंरी तिसिए या डॉक्टरांना आईचे दूध पिणाऱ्या बाळांच्या शौचात एक विशिष्ट जंतू भरपूर सापडला. आज त्याला बायफिडोबॅक्टेरियम म्हणतात आणि अनेक कॅप्सूलच्या पाकिटांवर त्याचे नाव तुम्हाला दिसेल.

दही आणि दीर्घायुष्य

पन्नाशी ओलांडल्यावर मेचनिकॉफ यांना म्हातारपणाच्या प्रश्नाने घेरले. त्यांचे म्हणणे असे होते, की मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विषारी द्रव्ये रक्तात जातात आणि शरीर लवकर झिजते. दुधाला विरजण लावले की ते नासत नाही, कारण आंबटपणामुळे कुजवणारे जंतू वाढत नाहीत. मग तेच जंतू पोटात गेले तर आतड्यातली कुजण्याची क्रियाही थांबेल, असे त्यांनी मांडले. बल्गेरियातले खेडूत रोज आंबट दूध पितात आणि तिथे शंभरी गाठलेले लोक पुष्कळ आहेत, असे त्यांच्या वाचनात आले होते. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात त्या दह्यातला जंतू शोधून काढला.

जून १९०४ मध्ये मेचनिकॉफ यांनी पॅरिसमध्ये म्हातारपणावर जाहीर व्याख्यान दिले. वर्तमानपत्रांनी त्यातला दह्याचा मुद्दा उचलला आणि दही खा, तरुण राहा, असा अर्थ काढून तो सगळीकडे पोहोचवला. पाहता पाहता आंबट दुधाची लाट आली. जंतूंची पूड आणि गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. पॅरिसमधल्या एका कंपनीने तर मेचनिकॉफ यांच्या नावाचा आधार घेऊन लॅक्टोबॅसिलीन नावाचे उत्पादन बाजारात आणले. आजचा प्रोबायोटिकचा बाजार नवा वाटतो, पण त्याचे मूळ सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे.

ते स्वतः रोज आंबट दूध घेत आणि कच्चे अन्न टाळत. आपल्याला याचा फायदा होतो आहे, असे त्यांना वाटत होते. १९१३ पासून मात्र हृदयविकाराने त्यांना ग्रासले. शेवटच्या दिवसांत त्यांनी डॉक्टर मित्राला सांगून ठेवले, की माझ्या मृत्यूनंतर माझी आतडी नीट तपासून पाहा. जुलै १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत.

त्यांच्या मृत्यूनंतर चार-पाच वर्षांत अमेरिकेतील येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की बल्गेरियातला तो जंतू माणसाच्या आतड्यात टिकून राहत नाही.

गुरूकडून जे राहून गेले, ते विद्यार्थ्याने मुंबईत केले

मेचनिकॉफ यांचे निरीक्षण बारीक होते आणि प्रामाणिकही होते. आतड्यातले जंतू महत्त्वाचे आहेत, हा त्यांचा मूळ विचार बरोबर ठरला. पण दह्याने आयुष्य वाढते, हे पडताळायला दही खाणारे आणि न खाणारे असे दोन सारखे गट शेजारी ठेवून पाहावे लागते. ते झाले नव्हते. बल्गेरियातले लोक दही खातात, तसेच ते शेतात राबतात, मोकळ्या हवेत राहतात. शिवाय जुन्या काळी खेड्यातल्या वयाच्या नोंदी कितपत खऱ्या, हाही प्रश्नच.

आता हाफकिन यांच्याकडे पाहा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा ते ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत आणि व्हरांड्यात लस बनवू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना, म्हणजे साधारण निम्म्या कैद्यांना, त्यांनी लस दिली. बाकीच्यांना दिली नाही. दोन्ही गट एकाच तुरुंगात, त्याच हवेत राहत होते. लस टोचली त्याच दिवशी आजारी पडलेले वगळले, तर पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांना प्लेग झाला आणि कोणीही दगावले नाही.

आजच्या कसोटीवर हाही प्रयोग अपुरा आहे. आज कोण कोणत्या गटात जाईल, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात आणि दुसऱ्या गटाला दिसायला तसेच, पण निरुपयोगी औषध देतात. तरी तुलनेचे तत्त्व तेच आहे, आणि प्रोबायोटिकबद्दल विचारण्याचा पहिला प्रश्नही तोच: न घेणाऱ्यांच्या तुलनेत घेणाऱ्यांना खरोखर जास्त फायदा झाला का?

पोटाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. गॅस, पोटफुगी, आयबीएस यांसारख्या तक्रारी आपोआप कमी-जास्त होत असतात. त्रास सर्वाधिक असताना आपण कॅप्सूल सुरू करतो, आठवड्याभरात तो तसाही ओसरणार असतो, आणि श्रेय कॅप्सूलला मिळते.

तुलना करून पाहिल्यावर काय दिसले?

अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब. इथे पुरावा बऱ्यापैकी चांगला आहे. मुलांवरील अनेक चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये घेतलेल्या आढाव्यात, अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक न घेणाऱ्या १०० मुलांपैकी १९ जणांना जुलाब झाले, तर घेणाऱ्यांपैकी ८ जणांना. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बोलार्डी या दोन प्रकारांचा यात सर्वाधिक उपयोग दिसतो.

दूध न पचणे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे विकर कमी असले की दुधाने पोट फुगते. दह्यातले जिवंत जंतू ही साखर पचवायला मदत करतात. म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही आणि ताक सोसते. यासाठी कॅप्सूलची गरज नाही. जेवणासोबत थोड्या प्रमाणात घेऊन पाहा.

आयबीएस, गॅस, पोटफुगी. काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला, काहींत दिसला नाही. प्रत्येक चाचणीत जंतू वेगळा, मात्रा वेगळी. म्हणूनच अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक सरसकट न देण्याचा सल्ला दिला.

गहू किंवा इतर पदार्थ न सोसणे. प्रोबायोटिकने सीलिअॅक आजार किंवा खरी अन्नाची अॅलर्जी बरी होत नाही. सीलिअॅकची शंका असेल, तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर तपासणी चुकीची नॉर्मल येऊ शकते. शेंगदाणा, मासे वा अंडे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, दम लागणे ही अॅलर्जीची लक्षणे आहेत. त्यासाठी ताबडतोब दवाखान्यात जा.

लहान मुलांचे जुलाब. पहिले औषध ओआरएस आणि झिंक. आईचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवा. प्रोबायोटिकच्या पुडीमुळे ओआरएस मागे पडता कामा नये.

योग्य जंतू, योग्य रुग्ण आणि नीट तुलना असेल तर काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका विशिष्ट लॅक्टोबॅसिलससोबत त्याचे खाद्य सात दिवस दिलेल्या बाळांमध्ये जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण ५.४ टक्के होते, तर न दिलेल्यांत ९ टक्के. पण याचा अर्थ बाजारातली कोणतीही पुडी बाळाला द्यावी असा नाही. तो जंतू, ती मात्रा आणि ती देखरेख यांचा हा परिणाम होता.

मग घ्यायचे की नाही?

निरोगी माणसाला पोट चांगले राहावे म्हणून रोज कॅप्सूल घेण्याची गरज नाही. घरचे ताजे दही आणि ताक उत्तम आहार आहे. त्यातले जंतू मोजलेले नसतात, म्हणून त्याला औषध म्हणता येत नाही, एवढेच. कढी उकळली किंवा इडली वाफवली की जंतू मरतात. पदार्थ पचायला हलका असतो, पण जिवंत जंतू मिळत नाहीत. भाज्या, डाळी, ज्वारी, नाचणी यांतला चोथा हे आतड्यातल्या चांगल्या जंतूंचे खाद्य आहे. ते न देता वरून जंतू घेऊन फारसे काही साधत नाही.

तरीही आयबीएससारख्या तक्रारीसाठी तुम्हाला घेऊन पाहायचे असेल, तर असे करा:

- आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.
- एका वेळी एकच बदल करा. कॅप्सूल सुरू करतानाच दूध, गहू, चहा सगळे बंद केले, तर कशाचा उपयोग झाला ते कळणार नाही.
- सुरू करण्याआधी एक आठवडा आणि नंतर चार आठवडे रोज वहीत लिहा: शौचाला किती वेळा झाली, पोट किती दुखले, किती फुगले.
- बारा आठवड्यांपर्यंत स्पष्ट फरक दिसला नाही तर बंद करा.
- पाकिटावर जंतूचे पूर्ण नाव, संख्या, मुदत आणि साठवणीची सूचना पाहा. काही कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. मे महिन्यातल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवल्या तर जंतू मरतात.
- अँटिबायोटिक चालू असेल तर जिवाणूंची कॅप्सूल दोन-तीन तासांच्या अंतराने घ्या. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट असल्याने त्याला हे अंतर लागत नाही, पण बुरशीविरोधी औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

कोणी स्वतःहून घेऊ नये?

केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे, मोठ्या शिरेत नळी घातलेले, आयसीयूतील गंभीर रुग्ण आणि मुदतपूर्व जन्मलेली बाळे. अशांमध्ये हे जंतू क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग करू शकतात.

ही लक्षणे असतील तर कॅप्सूल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे या

- शौचावाटे रक्त किंवा काळी शौच
- कारण नसताना वजन घटणे
- रात्री झोपेतून उठवणारे जुलाब
- सतत ताप किंवा उलट्या
- रक्त कमी असणे
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय
- घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे

यातल्या एखाद्या लक्षणाकडे दुर्लक्ष करून महिनोन्महिने प्रोबायोटिक घेत राहिलात, तर खरे नुकसान कॅप्सूलमुळे होत नाही. ते तपासणीला झालेल्या उशिरामुळे होते.

पुढच्या वेळी कोणी प्रोबायोटिक सुचवले, तर तीन गोष्टी विचारा: कोणत्या तक्रारीसाठी, कोणता जंतू, आणि किती दिवस. तिन्हींची उत्तरे मिळाली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेऊन पाहायला हरकत नाही. नाही मिळाली, तर त्या पैशांची डाळ, भाजी आणि दूध आणा, आणि घरीच दही लावा.